परसातला छोटा स्विमिंग पूल: खोदण्याआधी काय बघायचं आणि काम कोणत्या क्रमाने करायचं

पूल बांधायची हुक्की उन्हाळ्यात येते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मे महिन्यात जेसीबी बोलावला की पाच-सहा फुटांपर्यंत जमीन ठणठणीत कोरडी लागते. गवंडी म्हणतो, "हौदच तर आहे, नऊ इंची वीट लावू, आतून वॉटरप्रूफचा गिलावा करू." पावसाच्या तोंडावर टाइल्सही लागतात. मग श्रावणात पाणी हिरवं झालं म्हणून कुणीतरी पूल रिकामा करतं आणि दोन-तीन दिवसांत तळ फुगतो, भिंतीला आडवी भेग जाते. सगळे मिळून वॉटरप्रूफिंगवाल्याला धरतात. खरं तर पाणी आतून बाहेर गेलेलंच नसतं, बाहेरचं पाणी खालून रेटत असतं.

हा लेख एका ठरावीक पुलाबद्दल आहे: आतून १५ फूट लांब, ८ फूट रुंद, भिंत ४ फूट उंच, पाणी साडेतीन फूट, आरसीसी (सळई घालून ओतलेलं काँक्रीट), छोटा पंप आणि वाळूची गाळणी. "स्वतः करा" याचा अर्थ सगळं स्वतःच्या हाताने करा असा नाही. जागा, आखणी, पाइपांचा आराखडा, क्युरिंग (ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवणं), चाचण्या आणि पाण्याची निगा तुम्ही करा. सळईचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणि वीज परवानाधारक वायरमनला द्या. या दोन ठिकाणी पैसे वाचवू नका.

टप्पा १: भाद्रपदात खड्डा खणा

पूल होणार त्या जागेच्या शेजारी, नेमक्या त्या जागेत नव्हे, ६-७ फूट खोल चाचणी खड्डा घ्या. वेळ ऑगस्ट-सप्टेंबरची, चार-पाच दिवस चांगला पाऊस झाल्यानंतरची. खड्ड्याला कठडा करा, वर फळ्या टाका आणि आठवडाभर रोज सकाळी पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते लिहून ठेवा. शेजारी विहीर असेल तर तिची पावसाळ्यातली पातळीही बघा. जुन्या माणसांना विचारलंत तर "गणपतीत हात घालून पाणी घेतो" किंवा "कधीच वर येत नाही" असं उत्तर मिळेल, तेही नोंदवा.

याच खड्ड्यात माती कळते. मुरूम लागला तर उत्तम. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. तिच्यावर पूल थेट बसवायचा नाही. ती काढून मुरूम भरावा लागतो, किती खोल ते इंजिनिअर ठरवेल. कोकणात जांभा लागला की लोक खूश होतात, कारण तो पक्का वाटतो. पण जांभा सच्छिद्र असतो आणि पावसात त्यातून झरे वाहतात, त्यामुळे निचऱ्याची काळजी तिथे जास्तच घ्यावी लागते.

*तपासा:* पावसाळ्यातली सर्वांत वरची पाणीपातळी आकड्यात लिहिलेली आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. मे महिन्यातला कोरडा खड्डा पुरावा म्हणून चालत नाही.

टप्पा २: जागा

घराच्या पायापासून किमान १० फूट लांब. सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यापासून शक्य तितकं दूर, आणि त्यांच्यापेक्षा वरच्या अंगाला. वड, पिंपळ, उंबर यांच्या मुळांच्या टप्प्यात नको. गुलमोहर आणि बांबू जवळ असतील तर पूल बांधता येईल, पण रोज जाळी घेऊन उभं राहावं लागेल.

सकाळी १० ते दुपारी ३ ऊन मिळालं तर पाणी फार गार राहत नाही. वाऱ्याची दिशाही बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बहुतेक ठिकाणी वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पानं आणि किडे पूर्वेच्या काठाला जमतात. पाण्यावरचा कचरा ओढून घेणारा स्किमर त्याच बाजूला लावा. जागा दरीत किंवा डोंगराच्या कडेला असेल तर वारा वेगळा वाहतो. काठीला कापडाची चिंधी बांधून आठ दिवस बघा.

टप्पा ३: कागदावर हिशेब

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्या.

पाणी: १५ × ८ × ३.५ म्हणजे ४२० घनफूट, सुमारे १२,००० लिटर. दहा हजारी टँकर एक आणि वर थोडं. एवढं पाणी एकदाच लागतं, पण उन्हाळ्यात रोज ८ मिमी पाणी उडालं तर ते सुमारे ९० लिटर होतं. एप्रिलमध्ये तुमच्या बोअरला पाणी असतं का, हे आधी स्वतःला विचारा.

वजन: तळ आणि भिंती ८ इंच जाडीच्या धरल्या तर काँक्रीट साधारण साडेसहा घनमीटर भरतं. घनमीटरला अडीच टन या हिशेबाने रिकाम्या पुलाचं वजन सुमारे १६ टन.

रेटा: पुलाची बाहेरची मापं सुमारे १६ फूट ४ इंच × ९ फूट ४ इंच. काठ जमिनीला समतल ठेवला तर तळाच्या स्लॅबसकट ४ फूट ८ इंच भाग जमिनीत जातो. भोवतालचं पाणी जमिनीपर्यंत चढलं की पूल सुमारे २० घनमीटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे त्याला खालून २० टनांचा रेटा बसतो. वर दाबणारं वजन १६ टन आणि खालून २० टन, म्हणजे रिकामा पूल होडीसारखा तरंगायला बघतो. भरलेला असताना पाण्याचे १२ टन मदतीला असतात आणि काही होत नाही. घात होतो तो साफसफाईच्या दिवशी.

यावर साधा उपाय आहे, तरी तो फार कमी लोक करतात. पूल पूर्ण जमिनीत घालू नका. काठ जमिनीपासून दीड फूट वर ठेवा. मग वाईटातल्या वाईट दिवशीही रेटा सुमारे पावणेचौदा टन राहतो, म्हणजे रिकाम्या पुलाच्या वजनापेक्षा कमी. खोदाई कमी होते, अंगणातलं गढूळ पाणी आत येत नाही, रात्री बेडूक-साप पडत नाहीत आणि बसायला कट्टा मिळतो. फोटोत जमिनीला समतल पूल देखणा दिसतो हे खरं. ज्यांच्या खड्ड्यात भाद्रपदातही पाणी लागलं नाही त्यांनी तसा खुशाल करावा. पुढचं सगळं दीड फूट वर काठ असलेल्या पुलाबद्दल आहे.

*सावधान:* काठ वर घेणार असाल तर तो निर्णय डिझाइनच्या आधी इंजिनिअरला सांगा. जमिनीवरच्या भागाला बाहेरून मातीचा आधार नसतो.

विटांच्या भिंतीबद्दल एकदाच सांगतो. हौद जमिनीवर असतो आणि त्यावर दाब आतूनच येतो. जमिनीतल्या पुलावर भरलेला असताना आतून आणि रिकामा असताना बाहेरून दाब येतो. म्हणून आरसीसी भिंतीतही सळईच्या दोन जाळ्या लागतात, एक आतल्या आणि एक बाहेरच्या अंगाला. वीट हे काम करू शकत नाही. आणि शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अंथरून पोहायची जागा करायचा विचार मनातून काढून टाका. उतरत्या ओल्या कागदावर पाय ठरत नाही. पोहणारा माणूससुद्धा बाहेर येऊ शकत नाही. शेततळ्यातले अपघात असेच होतात.

टप्पा ४: परवानगी आणि डिझाइन

गावठाणात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा महापालिका. सामासिक अंतरात (बांधकाम आणि प्लॉटची हद्द यांमधल्या मोकळ्या जागेत) पूल चालतो का, हे लेखी विचारा. जमीन शेतीची असेल तर आधी तो प्रश्न सोडवा. खोदलेला मुरूम प्लॉटबाहेर न्यायचा असेल तर गौण खनिजाचे नियम लागू होतात. ट्रॅक्टर रस्त्यावर अडवल्यावर तलाठ्याकडे धावण्यापेक्षा आधी जा.

इंजिनिअरला सांगायचं ते एवढंच: पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या आयएस ३३७० या भारतीय मानकाप्रमाणे डिझाइन हवं आहे, पूल रिकामा आणि बाहेर पाणी ही अवस्था धरून. टप्पा १ चे आकडे त्याच्या हातात द्या. "घराच्या स्लॅबसारखं एम-२० चालेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, एम-३० घ्या (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत).

टप्पा ५: आखणी आणि खोदाई

काम दिवाळीनंतर सुरू करा. जमीन सुकत आलेली असते आणि मार्चअखेर पूल तयार होतो.

१५ × ८ हे माप मी मुद्दाम धरलं आहे, कारण त्याचा कर्ण बरोबर १७ फूट येतो. दोन्ही कर्ण १७ भरले की आखणी गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. गवंड्याशी वाद घालायची वेळ येत नाही. आतलं माप खुंट्या-दोरीने पक्कं करा. मग बाहेर ८ इंच भिंत आणि त्यापलीकडे २ फूट काम करायला जागा धरून चुन्याची रेघ मारा. खोदाईचं माप सुमारे २० फूट ४ इंच × १३ फूट ४ इंच होतं.

खोली अशी मोजा: जमिनीखालची अडीच फूट भिंत, ८ इंच स्लॅब, ४ इंच पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट), ६ ते ९ इंच खडी आणि फिनिशिंगचे २ इंच. एकूण साधारण साडेचार फूट. म्हणजे १२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) खोदाई, आणि मोकळी झालेली माती १५ ब्रासच्या घरात. ती कुठे टाकणार हे जेसीबी येण्याआधी ठरवा. काठावर ढीग लावू नका, कड ढासळते.

*चूक:* जास्त खोदलं गेलं की तीच माती परत टाकून सपाट करणं. ती पुढे बसते आणि तळाला भेग पडते. तिथे पीसीसीच भरा.

टप्पा ६: तळाखालचा निचरा

खड्ड्याच्या तळाला एका कोपऱ्याकडे हलका उतार द्या. २०-४० मिमीची खडी अंथरा आणि त्यात भोकं पाडलेला ४ इंची पीव्हीसी पाइप कापडी जाळीत गुंडाळून ठेवा. जागेला उतार असेल तर पाइप उतारावर उघडा काढा. पाणी आपोआप निघून जाईल. जागा सपाट असेल तर त्या कोपऱ्यात ६ इंची पाइप उभा करून जमिनीच्या वर फूटभर आणा आणि टोपी लावा. हा निरीक्षण पाइप. त्यात दोरीला वजन बांधून सोडलं की पुलाखाली पाणी किती आहे ते कळतं, आणि गरज पडली तर त्यातून पाणी उपसता येतं. हजार-दोन हजारांच्या या पाइपवर पुढची सगळी सुरक्षितता उभी आहे. तरी बांधकामाच्या गडबडीत तो राहून जातो आणि नंतर बसवता येत नाही.

खडीवर जाड प्लास्टिक आणि त्यावर ४ इंच पीसीसी.

टप्पा ७: पाइप आधी

काँक्रीट ओतून झाल्यावर भिंत फोडून पाइप घालणं ही मी पाहिलेली सर्वांत महाग चूक आहे. ते भोक पुन्हा कधीच नीट बंद होत नाही.

स्लॅब आणि भिंतीतून जाणाऱ्या वस्तू अशा: तळाचे दोन निचरे (पुलातलं पाणी पंपाकडे ओढणारी तोंडं), एक स्किमर, पाणी परत येणारे दोन नोझल, तळ साफ करायच्या व्हॅक्यूमचा एक पॉइंट आणि दिवा हवा असेल तर त्याचा डबा. पाइप ५० मिमीचा, प्रेशरचा. नोझल स्किमरच्या समोरच्या भिंतीत ठेवा, म्हणजे प्रवाह कचरा स्किमरकडे ढकलेल.

*सावधान:* पंपाला जोडलेला तळाचा निचरा एकच कधीही ठेवू नका. त्यावर मुलाचं अंग किंवा केस बसले तर ओढ सुटत नाही. दोन निचरे एकमेकांपासून किमान ३ फुटांवर, टी-ने जोडलेले, आणि त्यांवर फुगीर झाकणं. अमेरिकेत अशा अपघातांनंतर २००७ साली झाकणांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

सगळी तोंडं बंद करून पाइपात पाणी भरा, प्रेशर गेज लावा, २ ते ३ किलो दाब द्या आणि रात्रभर ठेवा. काटा खाली आला तर सांधा शोधा. काँक्रीट ओततानाही दाब तसाच ठेवा. मजुराचा पाय पडून पाइप फुटला तर लगेच कळतं.

टप्पा ८: सळई आणि काँक्रीट

इंजिनिअरला सळई बघायला बोलावल्याशिवाय काँक्रीट नाही. सळई साच्याला टेकू नये म्हणून मधे ठेवायचे कव्हर ब्लॉक काँक्रीटचे; विटेचे किंवा खडीचे तुकडे चालणार नाहीत, ते पाणी शोषतात.

तळाच्या स्लॅबबरोबरच भिंतीची खालची ६ इंच उंची एकाच ओतणीत घ्या. सांधा तळाच्या कोपऱ्यात न येता भिंतीत येतो. त्या सांध्यात पीव्हीसीचा वॉटरबार (पाणी अडवणारी पट्टी) मध्यभागी सरळ उभा राहिला पाहिजे. बहुतेक ठिकाणी तो तारेने न बांधल्यामुळे आडवा पडतो आणि गळती तिथूनच होते. भिंत एका दिवसात, एका दमात ओता. तळाला सुमारे ३ घनमीटर काँक्रीट लागतं, भिंतींना साडेतीनच्या आसपास. जागेवर मिक्सरने करणार असाल तर ५० किलोच्या पोत्याला २२ लिटरपेक्षा जास्त पाणी पडता कामा नये, वाळूतली ओल धरून. मजूर माल पातळ करतातच, कारण पातळ माल वाहायला सोपा. म्हणून तुम्ही डबा हातात घेऊन तिथेच उभे राहा.

*चूक:* सेंट्रिंगच्या दोन फळ्या धरायला भिंतीच्या आरपार तार किंवा पाइप घालणं. प्रत्येक भोक ही उद्याची गळती. फळ्यांना बाहेरून टेके द्या, किंवा मधे पाणी अडवणारी चकती असलेले बोल्ट वापरा.

किमान १४ दिवस क्युरिंग. तळात पाणी साठवा आणि भिंतींवर ओलं गोणपाट टाका.

टप्पा ९: आधी पाणी, मग भराव

भिंतीभोवतीचा २ फूट मोकळा चर अजून बुजवलेला नसतो. तो भरायची सगळ्यांना घाई असते, कारण अंगण विद्रूप दिसतं. थांबा. पूल रोज फूटभर असा भरा. काँक्रीट सुरुवातीला पाणी पितं, म्हणून पहिले काही दिवस पातळी उतरली तर घाबरू नका. आठवड्यानंतर बादलीची चाचणी घ्या: पायरीवर पाणी भरलेली बादली ठेवा, बादलीच्या आतली आणि बाहेरची पातळी सारखी करून खूण करा आणि ४८ तासांनी बघा. दोन्ही सारख्या उतरल्या तर पाणी फक्त उडालं. पुलाची जास्त उतरली तर गळती आहे. या पुलात १ सेंमी म्हणजे सुमारे १११ लिटर.

बाहेरून भिंतीवर ओले डाग दिसतील, त्यांना खडूने खुणा करा. भराव टाकल्यावर हे डाग दिसणार नाहीत, म्हणूनच हा क्रम. दुरुस्ती बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून करून पुन्हा भरा.

पूल कोरडा निघाला की चरात मुरूम ६-६ इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि धुमस करून भरा. खोदलेली काळी माती परत घालू नका.

*सावधान:* काम लांबलं आणि मृगाचा पाऊस तोंडावर आला तर अर्धवट पूल रिकामा ठेवू नका, भरून ठेवा. साठलेल्या पाण्यात आठवडाभरात डासांच्या अळ्या होतात, म्हणून त्यात क्लोरिन घालत राहा.

टप्पा १०: वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स

तळ आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई करा. पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा लेप दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा. पाइपांच्या तोंडाभोवती तिसरा हात द्या. पुन्हा तीन दिवस पाणी भरून बघा. टाइल्स टाइल ॲडेसिव्हनेच लावा. नुसत्या सिमेंटवर लावलेल्या टाइल्स मागे पोकळ राहतात आणि सुटतात. सांध्यांत इपॉक्सी ग्राउट, पायऱ्यांवर आणि काठावर खरबरीत फरशी.

काठाची पातळी पारदर्शक लेव्हल पाइपने चारही कोपऱ्यांवर तपासा. पाण्याची रेघ अर्ध्या इंचाचीही चूक लपवत नाही.

टप्पा ११: पंप, वीज, कुंपण

अर्ध्या एचपीचा पंप आणि १६ इंची वाळूची गाळणी पुरते. अशी जोडणी तासाला साधारण ६,००० लिटर फिरवते, म्हणजे दोन तासांत सगळं पाणी एकदा. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास चालवा. मोठा पंप घेतल्याने पाणी जास्त स्वच्छ होत नाही, वाळू मात्र पुलात येते. गाळणी उलटी धुताना एका वेळी दोन-तीनशे लिटर पाणी जातं. ते झाडांना सोडायचं असेल तर क्लोरिन उतरू द्या.

पंप आणि स्विचबोर्ड पुलापासून साडेतीन मीटरपेक्षा लांब. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), स्वतंत्र अर्थिंग, पुलातला दिवा १२ व्होल्टचाच. पुलातली सळई आणि लोखंडी शिडी अर्थिंगला जोडायची असते. ते जोडायचं टोक काँक्रीटच्या आधीच बाहेर काढून ठेवावं लागतं, म्हणून वायरमनला टप्पा ८ मध्येच बोलवा.

चार फुटांचं कुंपण, आपोआप मिटणारं फाटक, कडी मुलांच्या हाताच्या वर. पाणी साडेतीन फुटांचं आहे, त्यामुळे सूर मारायला बंदी. घरात लहान मूल असेल तर कुंपण पाणी भरण्याआधी उभं राहिलं पाहिजे.

टप्पा १२: पहिलं पाणी आणि पहिला पावसाळा

बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरिन टाकताच पाणी तांबूस होतं. घाबरून रिकामं करू नका. गाळणी सतत चालवून ते निघतं. नव्या सिमेंटमुळे पीएच चढतो. तो ७.२ ते ७.८ मध्ये आणा आणि मुक्त क्लोरिन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) ठेवा. १२,००० लिटरला १ पीपीएम म्हणजे १२ ग्रॅम क्लोरिन. ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर ४० ग्रॅम. ती बादलीत विरघळवा, निवळू द्या आणि वरचं पाणी संध्याकाळी घाला. उन्हात क्लोरिन टिकत नाही.

*सावधान:* ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीएच्या (वेगळ्या प्रकारच्या क्लोरिनच्या) गोळ्या एकाच डब्यात, एकाच बादलीत किंवा एकाच मापाने कधीही हाताळू नका. पेट घेतात, स्फोटही होतो. पीएच उतरवायचं ॲसिड नेहमी पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नाही.

पहिल्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी निरीक्षण पाइपातली पातळी लिहा. पूल रिकामा करायची वेळ आलीच तर आधी या पाइपात वजन सोडा. दोरी तळाच्या स्लॅबखाली कोरडी राहिली तरच पंप लावा. ओली आली तर पाइपातून उपसा करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, आणि तेव्हाही ओली असेल तर दसऱ्यापर्यंत पाणी तसंच राहू द्या.